धुऱ्यावरचे चार डबे

भाऊबीजेला भावाने ताटात काय टाकलं यावरून त्याच्या मनात काय चाललंय याचा मला अंदाज येतो. साडी असली की सगळं ठीक आहे. भारी साडी असली की घरात काहीतरी बिनसलंय आणि ताईने मध्ये पडावं अशी अपेक्षा आहे. पण दोन-तीन वर्षांपूर्वी अकोल्याला, त्याच्याच घरी, ओवाळून झाल्यावर माझ्या धाकट्या भावाने ताटात एक यंत्र ठेवलं, आणि त्याचा अर्थ मला कुठल्याच अनुभवावरून लावता येईना.

पोलिसांच्या हातात असतो तसल्या वायरलेससारखं ते दिसत होतं. जाड, राखाडी, छोटा पडदा, कडेला बटणं. सोबत त्याचा स्वतःचा जुना मोबाईल होता, कोपऱ्यात तडा गेलेला. यंत्र जीपीएसचं, उपग्रहांवरून आपण कुठे उभे आहोत ते सांगणारं, आणि मोबाईल त्याच्या जोडीला, असं त्याने समजावलं. जगभर लोक डबे लपवतात. डबा कुठे आहे त्याचे आकडे एका वेबसाइटवर टाकतात. बाकीचे ते आकडे यंत्रात भरून डबा शोधत जातात, सापडला की आतल्या कागदावर आपलं नाव लिहितात आणि डबा होता तिथे ठेवून परत येतात. याला म्हणे जिओकॅशिंग म्हणतात.

मी विचारलं, आणि मग मिळतं काय? तो म्हणाला, काही नाही.

ते 'काही नाही' ऐकूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. काहीच मिळत नसताना उन्हात हिंडणारा माणूस माझ्या माहितीत तरी नव्हता.

संशयाला कारण होतं. आदल्या उन्हाळ्यात बाबा गेले. नांदगाव खंडेश्वरजवळ त्यांचं वावर, काळी कसदार जमीन, मध्ये विहीर. आम्ही दोघंच, मी आणि हा. वारस म्हणून दोघांची नावं लागली होती. यापुढे काय होतं ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाऊ एक दिवस फराळाचं घेऊन येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि जाता जाता म्हणतो की ताई, हक्कसोडीवर तेवढी सही लागेल. बहीण सही करते, तिला साडीचोळी होते, माहेर शाबूत राहतं. नाही केली तर हिस्सा राहतो आणि माहेर जातं. मी अमरावतीला कोर्टात नकलांच्या विभागात नोकरी केली. सख्ख्या भावंडांच्या वाटणीच्या दाव्यांच्या नकला काढता काढता माझे केस पांढरे झाले. एका आईच्या पोटची माणसं एकमेकांना 'प्रतिवादी क्रमांक दोन' म्हणताना मी पाहिली आहेत. त्यामुळे संशय घेणं हा माझा स्वभावदोष आहे असं आमच्या घरात जे म्हणतात ते मला मान्य नाही.

मला जमीन हवी होती का? खरं सांगायचं तर त्याने सही मागू नये, एवढंच मला हवं होतं. बाबा गेल्यापासून फोनवर त्याचा आवाज आला की मी श्वास धरून बसायची. आज विचारतो का, या विचाराने अर्ध्या गप्पा माझ्या कानावरून जायच्या. आणि आता हा माणूस मला जागा दाखवणारं यंत्र देत होता.

तसा तो छंदिष्ट आहेच. शाळामास्तरकीतून निवृत्त झाल्यावर त्याने मधमाश्या पाळून पाहिल्या, मग गच्चीवर अळिंबी लावली, मग दुर्बीण आणून शेजाऱ्यांना शनीची कडी दाखवली. भावजय म्हणाली, हे नवीन खूळ निदान घराबाहेरचं आहे, तुम्ही घेऊन जा त्यांना. तिच्या बोलण्यात आडपडदा वाटला नाही. पण ती पहिल्यापासूनच हुशार आहे.

मी यंत्र पिशवीत घालून अमरावतीला घेऊन आले आणि टीव्हीखालच्या कपाटात ठेवून दिलं. काही दिवसांनी त्याचा फोन आला की तुझ्या नावाने खातं उघडून राहिलो, तुझ्या मोबाईलवर एक आकडा आला असेल, तेवढा सांग. फोनवर आकडा मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं हे आता सगळ्या देशाला पाठ आहे. मी म्हटलं, सख्खा भाऊ असलास तरी आकडा मिळणार नाही, यायचं तर समोर ये. तो खरंच पुढच्या गाडीने आला. बडनेऱ्याला उतरून ऑटोने घरी, हातात वायरींची पिशवी आणि खिशात बॅटरीचे सेल.

आमच्या घरी संगणक आहे. लेकीशी बोलायला आणि पेन्शनच्या कामांना घेतलेला. भाऊ त्याच्यासमोर बसला आणि मी त्याच्या खांद्याशी स्टूल टाकून बसले, डोळ्यांत तेल घालून. पहिलाच प्रश्न संगणकाने विचारला की तुमचं ठिकाण जाणून घ्यायची परवानगी द्याल का. मी त्याच्या हातातून माउस घेतला आणि 'नाही' दाबलं. थोड्या वेळाने तो तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारू लागला. मी पुन्हा नाही म्हटलं. साक्षीदाराला फिरवून फिरवून तेच विचारणारे वकील मला चांगले परिचयाचे आहेत.

भाऊ म्हणाला, "अवं ताई, तू कुठी आहे हे सांगतलंच नाही, त डबा किती दूर आहे हे ते कसं सांगन?"

मी म्हटलं, "मी कुठी आहे हे मले माहीत आहे. त्याले कायले पाहिजे?"

खात्याला नाव हवं होतं. खरं नाव द्यायला मी तयार नव्हते. शेवटी आमच्या जुन्या मांजरीचं नाव दिलं. ते आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं, यावरही माझा थोडा वेळ विश्वास बसला नाही. पुढे एक आकडा जोडला तेव्हा ते मिळालं. मग मोबाईल. त्यात त्याने एक अॅप टाकलं. प्रत्येक डब्याची माहिती, तो केवढा, कुठल्या झाडाशी, काय खूण, हे सगळं घरी असतानाच त्यात उतरवून घ्यायचं, कारण वावरात रेंज नसते. यंत्राचं काम वेगळं. त्याला रेंज लागत नाही, डोक्यावर उघडं आभाळ लागतं. त्यात आकडे भरले की पडद्यावर बाण येतो आणि बाणाच्या मागे जायचं. एवढं सोपं आहे, असं त्याने मला बऱ्याचदा सांगितलं, आणि इतक्यांदा सांगितल्यामुळे ते मला सोपं वाटेना.

आकडे भरायची त्याची रीत अशी, की यंत्र वायरीने संगणकाला जोडायचं आणि संगणकाने आपोआप सगळे डबे यंत्रात उतरवायचे. वायर लावल्याबरोबर संगणकाने पुन्हा परवानगी मागितली. मी वायर उपटली. जे काही भरायचं ते मी हाताने भरेन, असं सांगितलं. कोर्टात नक्कल तयार झाली की एकाने मूळ वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून ताडायचं, याला रुजवात म्हणतात. माझी रुजवात झालेली नक्कल कधी परत आलेली नाही. भावाने कपाळाला हात लावला, पण वाद घातला नाही. जाताना यंत्राच्या पडद्यावर त्याने काही बदल करून ठेवले. तो गेल्यावर मी ते एकेक उघडून पाहिले. आकडे कसे दाखवायचे यात त्याने मिनिटांपुढे दशांश ठेवला होता. आम्ही शाळेत डिग्री, मिनिट, सेकंद शिकलो. तेच बरं म्हणून मी ते बदलून टाकलं. दशांश म्हटलं की कुठेतरी काहीतरी खाली-वर करायला जागा ठेवली आहे, असं मला वाटतं.

पहिला डबा आम्ही पातूरला शोधला. अकोल्याहून त्याच्या गाडीने गेलो, लेण्यांच्या अलीकडे टेकडीच्या पायथ्याशी. त्या दिवशी माझं यंत्र मी बंदच ठेवलं होतं, त्याच्याकडच्या दुसऱ्या यंत्रामागे चाललो. बाण दाखवत होता तिथे सागाच्या पानांचा ढीग आणि दगडांची एक उतरंड होती. खाली बसून दगडाच्या फटीत हात घातला तर प्लास्टिकचा डबा हाताला लागला. आत एक गुंडाळलेला कागद, एक गोटी, एक किल्लीला लावायचा बिल्ला. कागदावर कुठल्या कुठल्या लोकांची नावं. कोणीतरी कोणासाठीही नाही असा डबा इथे ठेवून गेलं आणि कोणी तो पळवला नाही, याचं मला नवल वाटलं. मी मांजरीचं नाव लिहिलं. मला मजा आली हे मी त्याला कळू दिलं नाही.

परतताना चहाला थांबलो. कप हातात घेऊन तो म्हणाला, ताई, बाबाच्या वावराचा धुरा तुले आठवते का? धुरा म्हणजे वावराचा बांध, आपलं कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ती कड. मी कप खाली ठेवला. आला, म्हटलं, शेवटी मुद्द्यावर आला. मी म्हटलं, विहीर आठवते आणि वाकलेलं बाभळीचं झाड आठवतं. त्याने मान हलवली आणि चहाचे पैसे द्यायला उठला. पुढे एक अक्षर नाही. अमरावतीला येईपर्यंत बसच्या खिडकीशी मी त्याच वाक्याची उलटतपासणी घेत होते.

नंतर पंधरवड्याने त्याने फोनवर सांगितलं की मी स्वतः चार डबे लपवले आहेत, फक्त तुझ्यासाठी, वेबसाइटवर टाकलेले नाहीत. आकडे मोबाईलवर पाठवतो, रविवारी तू शोध, मी मागे मागे येतो. कुठे ते सांगायला तयार नव्हता. खेळातली मजा जाईल म्हणाला.

मी ते आकडे संगणकावरच्या नकाशात टाकले. वरून काढलेला तो नकाशा, त्यात शेतं चिंध्या जोडून शिवलेल्या वाकळेसारखी दिसतात. रस्त्याचं वळण ओळखीचं वाटलं. मग एक काळा गोल ठिपका दिसला आणि मी चष्मा पुसला. ती आमची विहीर होती. त्याने टाकलेले चार डबे त्या विहिरीच्या एका अंगाला होते, चार कोपऱ्यांवर चार. शोधायला ठेवलेले डबे असे चौकोनात कोणी ठेवत नाही. हे मोजमाप होतं. कुणीतरी वावर कापून दाखवत होतं, आणि रविवारी मला हसतखेळत त्या चौकोनातून फिरवून आणून शेवटी सही मागायची, असा सगळा बेत मला स्वच्छ दिसला.

आमचे हे म्हणाले, अगं, विचार ना त्यालाच. मी म्हटलं, विचारलं की उत्तर तयार असतं.

रविवारची वाट न बघता मी मधल्याच दिवशी एकटी गेले. आदल्या संध्याकाळी यंत्र आणि मोबाईल समोर घेऊन बसले. मोबाईलवरचे आकडे यांनी वाचले, मी यंत्रात भरले, मग यांना पुन्हा वाचायला लावून अंकन् अंक ताडला. रुजवात चोख झाली. सकाळच्या एसटीने नांदगावला, तिथून ऑटोने फाट्यापर्यंत. पिशवीत पाण्याची बाटली, खुरपं आणि उन्हाचं असावं म्हणून एक लिंबू. रस्त्याच्या वळणावर उतरून यंत्र सुरू केलं. उपग्रह सापडायला त्याने वेळ घेतला, मग बाण आला आणि मी चालू लागले. सोयाबीन निघून गेलं होतं. तूर डोक्याच्या वर उभी होती आणि शेंगांनी वाकली होती. तिच्या तासांतून जाताना पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त पडद्यावरचा बाण. मधला नाला कोरडा होता, तो ओलांडला. विहीर काही दिसली नाही, पण तुरीत काय दिसणार, असं मनाला समजावलं.

बाण थांबला तिथे एक कडुनिंब होता आणि त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला दगड. म्हटलं, लपवायला जागा बरी शोधली. मी खाली बसले आणि खुरप्याने मुळाशी उकरू लागले. डबा काही लागेना.

पाठीमागून खाकरण्याचा आवाज आला. डोक्याला उपरणं बांधलेला एक म्हातारा शेतकरी उभा होता. त्याने मला पाहिलं, लुकलुकणारं यंत्र पाहिलं, शेंदराचा दगड पाहिला आणि माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या लिंबावर त्याची नजर थांबली. आमच्या मुलखात याचा एकच अर्थ होतो. पूर्वजांनी पुरलेलं गुप्तधन शोधायला आलेली बाई.

तो थंडपणे म्हणाला, "ताई, ते पूजापाठाचं, उकरण्याचं जे काय करून राहिल्या, ते माह्या वावरात नका करू."

मी उठून उभी राहिले. कोर्टातला आवाज काढून सांगितलं की हे माझ्या बाबांचं वावर आहे आणि मला इथे काय करायचं ते मी करेन. बाबांचं नाव घेतलं. त्याचा चेहरा बदलला.

"त्याची थोरली ना तुमी?" तो म्हणाला. "तुमचं वावर तिकडं, नाल्याच्या पल्याड. हे माहं आहे."

इतकं वाईट मला कोर्टातल्या कोणाच्या ओरडण्यानेही वाटलं नव्हतं. बाबांच्या वावरात मी लहानपणी हुरडा खाल्ला, कापूस वेचणाऱ्या बायकांमागे हिंडले, विहिरीवर जाऊ नको म्हणून मार खाल्ला. आणि परक्याच्या जमिनीत उभी राहून मी ती माझी म्हणून भांडत होते. आपलं वावर कुठे संपतं हे मला माहीतच नव्हतं.

त्याने मला हाताने दिशा दाखवली. मग जवळ येऊन, आता संशय घ्यायची पाळी त्याची असल्यासारखं विचारलं, "मांगच्या हप्त्यात तुमचा भाऊ येऊन गेला. चार कोपऱ्याले खुट्या ठोकल्या, लाल फडकं बांधलं. काहून? विकून राहिले का वावर?"

मला माहीत नाही, असं मी म्हटलं, आणि ते खरं होतं. नाल्यापलीकडे जाऊन पाहायचं धैर्य मला झालं नाही. तशीच घरी आले. रविवारपर्यंत भावाचे फोन आले तर यांनी घेतले.

रविवारी तो फाट्यावर गाडी लावून उभा होता, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. गाडीच्या डिकीत पोत्यावर दगड रचलेले दिसले. मी उतरल्या उतरल्या सांगून टाकलं की मी येऊन गेलेय, खुट्यांचं मला कळलंय, वावर विकायला माझी सही लागते आणि ती मी देणार नाही. हक्कसोडही करणार नाही. माहेर तुटलं तरी चालेल. हे शेवटचं बोलताना माझा आवाज फुटला, त्याचा मला राग आला.

त्याने माझ्या हातातलं यंत्र घेतलं, बटणं दाबून पाहिली आणि विचारलं, "हे सेकंद तू केले?"

मी म्हटलं, हो.

"पॉइंट पाच शून्य म्हणजे अर्धं मिनिट, ताई. म्हणजे तीस सेकंद. तू पॉइंटाच्या पुढचे आकडे तसेच्या तसे सेकंदात भरले. पन्नास झाले. म्हणून तू नाल्याच्या पल्याड गेली."

माझी नक्कल अस्सलबरहुकूम होती, पण यंत्र ती दुसऱ्याच हिशेबाने वाचत होतं. त्याने तिथेच उभं राहून चारही जागा नीट केल्या आणि यंत्र परत माझ्या हातात दिलं. मग धुऱ्याकडे बघत बोलला. माझ्याकडे बघून बोलायला तो लहानपणापासून लाजतो.

"मी शाळेत जात होतो तवा बाबानं मले या वावराचा धुरा दाखवला. हात धरून चारी बाजूनं फिरवलं. इथून इथपर्यंत आपलं, म्हणे. तुले कोणी फिरवलं नाही. तुले वाटे वावर म्हणजे विहीर अन् बाभूळ. पातूरले मी विचारलं, तवा तू तेच सांगतलं."

मी विचारलं की मग हे यंत्र, डबे, खेळ कशाला? सरळ सांगायला काय झालं होतं?

"सरळ सांगतलं असतं त तू म्हटली असती, राहू दे, तूच ठेव. नाहीतर म्हटली असती, याच्यात काहीतरी आहे. हे अर्धं वावर तुह्यं आहे. कागद तू कर, तुले येते. पण आधी पायानं फिर."

खरंच मी दोन्हीपैकी एक म्हटलंच असतं. मी पदर खोचला आणि बाणाच्या मागे निघाले. पहिला डबा रस्त्याकडच्या कोपऱ्यात, खुटीशेजारी दगडाखाली. आत एक गोटी. दुसऱ्यात बाबांच्या अंगरख्याचं बटण असावं तसलं एक शिंपल्याचं बटण. तेच होतं का हे मी विचारलं नाही, खोटं निघालं असतं तर मला सहन झालं नसतं. धुऱ्यावर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला हरभरा कोवळा. तिसऱ्या डब्यानंतर बाण विहिरीच्या अलीकडून सरळ चौथ्याकडे दाखवत होता. विहिरीच्या काठावरून जायला मला लहानपणापासून भीती. ती वाट तिच्या अलीकडून अगदी कडेलगत जात होती, म्हणून मी बाण सोडला आणि पलीकडून लांबचा वळसा घालून गेले. भाऊ मागून येतच होता. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज मधून मधून ऐकू येत होता. मला वाटलं, डबे परत झाकतोय.

चौथ्या डब्यातल्या कागदावर मी मांजरीचं नाव लिहिणार होते. स्वतःचं लिहिलं. मागे माहेरचं आडनाव लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी संगणक लावला आणि यंत्राची वायर जोडली. परवानगी द्याल का, असं त्याने विचारलं. मी 'हो' दाबलं. मी चाललेली वाट यंत्राने आपल्या आपण टिपून ठेवली होती. नकाशावर ती निळी रेघ उमटली, वाकडीतिकडी, धापा टाकत थांबले होते तिथे गुंता झालेली. चार डब्यांचे चार ठिपकेही तिथेच होते. मी पट्टी घेतली, पडद्यालाच लावली आणि तिसऱ्या ठिपक्यापासून चौथ्यापर्यंत सरळ धरली. विहीर पट्टीच्या पलीकडे गेली. त्याच्या बाजूला.

म्हणजे माझी पाल उगीच चुकचुकली नव्हती. अर्धं वावर ताईचं, आणि विहीर भाऊरायाची. बिनपाण्याची जमीन देऊन उदार झाला होता. मी फोन लावला आणि रामराम न करता विचारलं, तुझ्या चार डब्यांत विहीर कोणाकडे येते?

तो मग म्हणाला, "माह्याकडं येत होती."

"होती म्हणजे?"

"मी तशीच आखली होती, खोटं कायले सांगू. पण तू पल्याडून गेली, अन् मी तुह्या मांगं होतो. तू जिथून गेली तिथून दगड मांडत आलो. आता हद्द तीच. मी कसं म्हणू, की ताई, परत ये, अलीकडून जा?"

मी पडद्याकडे पाहिलं. निळ्या रेघेच्या आत तो काळा गोल होता. पट्टी माझ्या हातात तशीच राहिली. सवयीने मी पुढचा प्रश्न विचारला, की मग तुझ्या बाजूच्या हरभऱ्याला पाणी कुठून देशील?

"पाणी लागलं त मागीन तुले," तो म्हणाला.

बाबा गेल्यापासून मी याच शब्दाची धास्ती घेऊन बसले होते. माग, म्हटलं. आणि पुढच्या भाऊबीजेला साडीच टाक, यंत्रं पुरे झाली.